‘परिसरात चर्चा आहे’

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी, पणदऱ्यातल्या एका गोठ्यात साडेचार फुटी इग्वाना सापडला. इग्वाना म्हणजे झाडावर राहणारा, पाला खाणारा, परदेशी हिरवा सरडा. त्याला पाहून पळताना शेवंताबाई नावाच्या साठीच्या बाई पडल्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं. बातमी मी दिली. इग्वाना माझा होता.

हे शेवटचं वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला निम्मं ठाऊक आहे, तेही चुकीचं – तिला वाटतं, मी तो प्राणी इंदापूरला परत नेऊन दिला. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. मी बारामतीत एका दैनिकाचा वार्ताहर आहे. आम्हाला शिकवलं गेलं ते असं – आधी काय घडलं, मग कुठं, कधी, कुणाला. ‘का’ शेवटी, जागा उरली तर. त्याच क्रमानं सांगतो.

इंदापुरात रफिकभाईंचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. त्यांच्यावर मी रविवारच्या पुरवणीत एक लेख लिहिला होता. काचेच्या टाक्या, हवेच्या पंपांचा आवाज, आणि मागच्या खोलीत त्यांनी जिवापाड सांभाळलेले इग्वाना. लेख त्यांना आवडला. पुढच्या खेपेला त्यांनी वीतभर पिल्लू खोक्यात घालून हातात दिलं. ‘न्या साहेब, लेकीला खेळाय.’ मी नेलं. बातमीच्या बदल्यात काही घेऊ नये हा नियम मी नव्या पोरांना शिकवतो. सरडा त्या नियमात बसतो, असं तेव्हा वाटलं नाही.

रफिकभाईंनी सगळं समजावून दिलं होतं. शेवग्याचा पाला, भोपळ्याची फुलं. रोज ऊन, नाहीतर एक खास दिवा, कारण त्यावाचून याची हाडं मऊ पडतात. आणि म्हणाले, ‘कंटाळला तर माघारी आणा. पर भायेर सोडू नका. आपल्या थंडीत ते जगत न्हाय.’

मुलीनं त्याचं नाव पोपट ठेवलं. पहिलं वर्ष मी अगदी नेमानं वागलो. त्याचा मुक्काम बाथरूममध्ये असायचा, घरी आलेला प्रत्येक जण त्याला बघायला तिथपर्यंत जायचा. माझ्या खांद्यावर तो बसलेला फोटो बरेच दिवस माझ्या फोनवर होता. एकदा खिडकीच्या सरकत्या काचेत त्याच्या डाव्या पुढच्या पायाचं एक बोट तुटलं. रफिकभाई इंदापूरहून स्वतः आले, मलमपट्टी करून गेले. परदेशी प्राण्यांची वनखात्याकडे नोंद करण्याची सोय सरकारनं केली तेव्हाही त्यांचाच फोन आला – मी माझ्या दोन्हीची केली, तुमी पण फॉर्म भरा. मी ‘भरतो’ म्हणालो. भरला नाही.

मग दिवा गेला. पुण्याहून आणायचा होता. मी किती महिने पुण्याला जाऊन मोकळ्या हातानं आलो? बातमीतला वेळ मी मिनिटापर्यंत सांगतो. हा मला सांगता येत नाही. पोपटचा खालचा जबडा सुजला, मग वाकडा झाला. चालताना पाय थरथरायचे. दुखत असावं, कारण जवळ गेलं की शेपूट मारायचा. एकदा ती मुलीच्या गालावर बसली आणि वळ उठला. बायको म्हणाली, ‘आता ते तरी हितं राहील, न्हायतर आमी तरी.’

इंदापूर तासाभरावर आहे. परत नेऊन देणं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. मग का नाही नेला? – रफिकभाईंनी तो जबडा पाहिला असता. बस, एवढंच. दुसरं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी त्याला पोत्यात घातलं आणि मोटारसायकलवरून पणदऱ्याच्या पुढे कालव्याकाठी नेलं. एका बाभळीशी सोडलं. तो झाडावर चढेल असं मी धरून चाललो होतो. तो चढला नाही. बुंध्याशीच बसून राहिला. पाला आहे, पाणी आहे, ऊन आहे, असं मनाशी म्हणत मी गाडीला किक मारली. त्या आठवड्यात थंडी वाढल्याची बातमी मीच दिली होती.

पुढचे तीन-साडेतीन आठवडे तो कसा जगला, मला माहीत नाही. त्या बुधवारी तो शेवंताबाईंच्या गोठ्यात, म्हशींच्या मागे, उबेला पडलेला सापडला. मला फोन आला नऊ वाजता. मी पोहोचलो तेव्हा तीसेक माणसं जमली होती.

‘मगर हाय.’

‘मगरीला तुरा असतो व्हय, तात्या?’

‘मग घोरपड आसंल.’

‘घोरपड मी लई बघितल्यात. हे कुठल्यातरी शिणेमातनं आलंय.’

लोक हसत होते. शेवंताबाईंना तोवर दवाखान्यात नेलं होतं. मी हसलो की नाही, आठवत नाही. फोटो काढत होतो.

वनरक्षकानं रफिकभाईंना बोलावलं. नोंदीच्या यादीत आसपासचं तेवढं एकच नाव होतं. ते टॉवेल आणि खोकं घेऊन आले. गुडघ्यावर बसले, टॉवेलनं त्याचे डोळे झाकले, काहीतरी हळू बोलले आणि त्याला उचललं. मग त्यांचा अंगठा डाव्या पुढच्या पायावर थांबला. तुटलेल्या बोटावर. दुसऱ्या हातानं त्यांनी जबडा जरासा वर केला. आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तीन फुटांवर होतो. तो क्षण माझ्या फोटोत आलेला आहे. छापताना मी फोटो कापला. फक्त प्राणी ठेवला.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, ‘काय ओ मासेवाले, तुमचंच सुटलंय न्हवं?’

‘माजी दोन हायत. दोनी घरी हायत. चला, दावतो.’

वनरक्षक खरंच त्यांच्याबरोबर इंदापूरला गेला. पाच वाजता त्याचा मला फोन आला – दोन्ही जागेवर आहेत, नोंदीशी जुळतात. मी ते वहीत लिहून घेतलं. सहा वाजता बातमी पाठवली. तिचं शेवटचं वाक्य असं होतं : ‘इंदापूर येथील एका मासेविक्रेत्याकडे असे प्राणी असल्याचे समजते, त्याच्याकडूनच हा प्राणी सुटला असावा, अशी परिसरात चर्चा आहे.’

पाच वाजताचा फोन बातमीत नव्हता.

‘परिसरात चर्चा आहे’ हे आम्ही केव्हा लिहितो? लोक बोलत असतात, पण कुणी नावानिशी सांगायला तयार नसतं, तेव्हा. त्या दिवशी परिसरात चर्चा नव्हती. एका माणसानं एक प्रश्न विचारला होता आणि त्याला उत्तर मिळालं होतं. चर्चा सुरू झाली दुसऱ्या दिवशी सकाळी, पेपर पोहोचल्यावर. नाव मी छापलं नाही. इंदापुरात इग्वाना ठेवणारा मासेवाला एकच होता – नाव कशाला हवं होतं?

आणि मी ते वाक्य का लिहिलं? माझ्यावर कुणाचाही संशय नव्हता; पोपट इंदापूरला परत गेला, असंच मी सगळ्यांना सांगितलं होतं. मोडलेल्या मनगटाशी बातमी संपवली असती तरी चाललं असतं. पण कुणीतरी कधीतरी विचारेल, आणि त्याआधीच उत्तर तयार असावं – असं काहीतरी होतं ते. भीती म्हणावं तर भीती दाखवणारंही कुणी नव्हतं.

त्या गुरुवारी दुपारी रफिकभाईंचा फोन आला. ‘साहेब, ते तुमीच लिव्हलंय का?’

मी म्हणालो, डेस्कवर कुणीतरी वाढवलं. आमच्या डेस्कनं, म्हणजे ऑफिसात बातम्या तपासणाऱ्यांनी, त्या बातमीत एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता.

ते म्हणाले, ‘बरं. त्याचं तोंड लई दुखत आसंल, साहेब. तुमची वनखात्यात वळख हाय, तर त्यास्नी सांगा, ऊबंला ठिवा म्हणावं.’

मी तसा फोन केला नाही. केला असता तर मला काय ठाऊक, कसं ठाऊक, हे आलं असतं.

शेवंताबाईंचे दोन मुलगे इंदापूरला दुकानापुढं जाऊन उभे राहिले. मारहाण झाली नाही. आमच्या आईचा हात तुमच्या जनावरानं मोडला, एवढंच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. शेजारच्या शाळेतली मुलं मासे बघायला यायची, ती बंद झाली. जागामालकानं पाडव्यापर्यंत दुकान रिकामं करायला सांगितलं. या सगळ्या काळात चार ओळींचा खुलासा मला कधीही छापता आला असता. नावाचं आद्याक्षर चुकलं म्हणून मी खुलासे छापलेले आहेत.

पोपट पुण्याच्या प्राणी केंद्रात आठ दिवस जगला. रफिकभाईंनी स्वतःचे दोन्ही इग्वाना त्याच केंद्राला दिले. पाडव्याआधी दुकान बंद झालं. ते आता लोणी देवकरला एका कारखान्याच्या गोदामात कामाला आहेत. आमची भेट झालेली नाही. मी ती होऊ दिलेली नाही.

गेल्या महिन्यात बिबट्याच्या एका बातमीसाठी मी वनखात्याच्या कार्यालयात जुनी प्रकरणं चाळत होतो. त्यात पणदऱ्याचं प्रकरण होतं. रफिकभाईंचा जबाब एका पानाचा आहे. सदर प्राणी आपण ओळखता काय, या प्रश्नापुढे लिहिलं आहे : नाही. असा प्राणी आपण कोणास दिला होता काय, यापुढे : नाही. खाली त्यांची सही आहे. तारीख शुक्रवारची आहे, बातमी छापून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची.