सुगंधाच्या जबड्यात उगवलेलं हाड

आचऱ्याच्या किनाऱ्यालगत २००१ साली एका रात्री यंत्रावर मासेमारी करणारा ट्रॉलर घुसला आणि त्याने गुणाजीचं जाळं फाडून नेलं. सकाळी ट्रॉलर धक्क्याला लागताच गुणाजीसारखे, किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे रापणवाले वल्ही, काठ्या घेऊन धावले. गुणाजीची बायको सुगंधा मासे विकायची टोपली टाकून मागोमाग गेली. ट्रॉलर चालवणारा तांडेल दत्ताराम गुणाजीचं डोकं पाण्यात दाबून धरत होता. सुगंधा त्याच्या पाठीवर झेपावली, खांद्याला कडकडून चावली. गुणाजी सुटला. दत्तारामने मात्र तिला वाळूत आपटलं आणि लोखंडी पाइप तोंडावर हाणला. पुन्हा हाणला. रक्तात दात पडले.

वरचे पुढचे दात गेले, हाडाचाही चुरा झाला. कवळी टिकेना. कृत्रिम दातांच्या रोपणाचे स्क्रू बसवायला हाडच उरलं नव्हतं. घास गिळताना गुणाजीने पाहिलं, तरी ती ताट भिरकावून द्यायची.

मुलगी वर्षाली मुंबईत नर्स झाली. २००८ साली तिच्या इस्पितळात नवा प्रयोग चालला होता. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करायच्या आणि जबड्यात भरायच्या. तिथे त्यांनी नवं हाड घडवावं, अशी आशा. वर्षालीने आईला तिथे नेलं.

मगज काढताना सुगंधाने उशी चावली. पुढे हिरडी चिरली. भूल असूनही रक्ताची चव जिभेवर आली आणि तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं मनगट पिरगाळलं. हत्यारं खणखणत खाली पडली.

"सोडा! तुमी पण माझो जबडो फोडतल्यात?"

"आये, मी आसंय गो," वर्षालीने तिचं डोकं छातीशी धरलं. "फोडूचो नाय, हाड वाढवूचा आसा."

डॉक्टरीणबाई सुजलेलं मनगट चोळत म्हणाल्या, "थांबायचं का?"

सुगंधाने नकारार्थी मान हलवली. "करा."

उजवीकडे पू झाला; तिथलं सगळं खरवडून काढावं लागलं. डावीकडे हाड धरलं. काही महिन्यांनी त्यात स्क्रू घट्ट बसले, वर दात आले. उजवीकडे पुन्हा करू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको. जेवढा उगवला तेवढा पुरे."

२०१० साली त्या मारहाणीच्या खटल्याचा निकाल लागला, दत्तारामला शिक्षा झाली. कोर्टाबाहेर त्याच्या भावाने दगड भिरकावला. तो सुगंधाच्या खांद्याला लागला. तिने दगड उचलला आणि सरळ त्याच्यावर चालून गेली. तो पळत सुटला. मग तिने दगड गटारात टाकला.

"चल गो," ती वर्षालीला म्हणाली, "माका भूक लागली."