रंगाचा कठडा

आमचा काका रंगारी. हात चांगला चालायचा, पण तोंड त्याहून जास्त. "मी रंग दिला की भिंतीलासुद्धा वाटतं, आपण कुणीतरी आहोत," असं स्वतःच सांगत फिरायचा. या तोंडापायी त्याची चांगली चांगली कामं गेली. टिकलं ते एकच, वस्तीजवळच्या कालव्यावरच्या पायपुलाचा कठडा रंगवायचं. ते नगरपालिकेचं काम. तिथे कुणी कुणाचं ऐकतच नाही, त्यामुळे काकाच्या बोलण्याचा कुणाला त्रासही नव्हता.

वर्षअखेर आली की त्याला हमखास बोलावणं यायचं. उरलेला पैसा खर्च झाला नाही तर वरचे तो परत घेतात आणि पुढच्या वर्षी हात आखडतात, म्हणून शेवटच्या आठवड्यात त्या ऑफिसात सगळ्यांच्या अंगात यायचं. एरवी एक बल्ब मागायला गेलं तरी 'तूट आहे, तूट आहे' म्हणून तोंड वेंगाडणारी माणसं तेव्हा रंगाचे डबे खिरापतीसारखे वाटायची. पूल कधी हिरवा झाला, कधी निळा. नगराध्यक्षांच्या बायकोला आवडतो म्हणून एक वर्ष चक्क गुलाबी झाला. जुना रंग खरवडायचा मात्र नाही! खरवडणं म्हणे 'दुरुस्ती'त मोडतं आणि दुरुस्तीच्या खात्यात कायमचा खडखडाट. रंग मोडतो 'देखभाली'त, आणि तिथे पैशाचा पूर आलेला. मग काय, काका रंगावर रंग चढवत गेला.

याच पुलावरून माझी काकू रोज पलीकडच्या पाळणाघरात कामाला जाते. एका डोळ्याने तिला काहीच दिसत नाही, दुसऱ्याने धूसर दिसतं. बाळं ती रडण्यावरून ओळखते आणि पूल कठड्यावरून. एक हात कठड्यावर ठेवून अशी तरातरा जायची की नवख्या माणसाला शंकाही येऊ नये.

त्या वर्षी कठडा रंगवता रंगवता काकाचा अंगठा आत गेला. लोखंड आत होतंच कुठे? गंजून त्याचा भुगा झालेला. वर्षानुवर्षांच्या रंगाचं टरफल तेवढं उभं होतं आणि त्याच्या भरवशावर काकू रोज कालवा ओलांडत होती. काकाने ब्रश तिथेच टाकला आणि तडक ऑफिस गाठलं. हा तिथे भांडणार हे ठरलेलं, म्हणून मीही मागोमाग गेले.

"साहेब, कठडा गेलाय. आत नुसती हवा आहे," काका इंजिनिअरला म्हणाला.

"का? रंग कमी पडतोय?"

"रंग नाही, लोखंड कमी पडतंय."

"लोखंड दुरुस्तीत येतं. दुरुस्तीला तूट आहे. रंग हवा तेवढा घे. असं कर, एक हात जास्त दे."

"एक हात जास्त दिला की माझी बायको पडायची थांबेल?"

"तिला म्हणावं, जरा जपून चाल."

घ्या! शहर चालवायला बसलीत ही माणसं. घरी आल्यावर हे सगळं काकूला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ना, ते आंधळं मी नव्हे हं!" पण दुसऱ्या दिवसापासून ती पुलाच्या मधोमध, हात पुढे करून, चाचपडत जाऊ लागली. पाळणाघरात पोचायला उशीर व्हायला लागला. तिथल्या बाई म्हणाल्या, असंच चाललं तर दुसरं माणूस बघावं लागेल. त्या रात्री काकू जेवली नाही.

आणि याच दिवसांत पुलाच्या दोन्ही टोकांना सिमेंटचे हंस आले. दुरुस्तीला पैसा नव्हता, 'सुशोभीकरणा'ला होता. पुढून पाहिलं तर हंस, मागून पाहिलं तर बदक. पण त्यांच्या मानेत बोटाएवढ्या जाड सळया घातल्या होत्या, मी स्वतः पाहिल्यात. हंस पडला तर केवढी नाचक्की! मग त्यांच्या उद्घाटनाला मांडव, बँड, खुर्च्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

अध्यक्षांनी फीत कापली. तिजोरीत खडखडाट असताना आम्ही हे करून दाखवलं, असं भाषणही केलं. टाळ्या झाल्या. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा कठड्याला टेकून उभे राहा, फोटो झकास येईल." साहेब हसतमुखाने मागे सरकले.

काका रंगाचा डबा घेऊन हंसाशेजारी उभा होता. त्याने डबा सोडला आणि अध्यक्षांचा दंड धरून त्यांना पुढे ओढलं. "टेकू नका!"

"पिऊन आलाय का हा?" कुणीतरी खेकसलं. चारजणांनी काकाला धरलं. तशातच त्याने पाय लांबवून कठड्याला हलकेच ढकललं. काडकन आवाज झाला आणि एवढा मोठा तुकडा कालव्यात गेला. बँड थांबला. अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक.

"ओढायला नको होतं त्या अध्यक्षाला," काका अजून म्हणतो. "अहो, काहीतरीच काय!" म्हणून काकू त्याला दटावते, पण तिलाही हसू आवरत नाही.

आम्हाला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. उघडले की! अध्यक्ष जिथे टेकणार होते, तिथे आठवड्याच्या आत नवं चकचकीत लोखंड बसलं. सहा फूट. बाकीच्या कठड्याला रंगाचा आणखी एक हात मिळाला, तोही दुसऱ्या रंगाऱ्याकडून. कारण सरकारी मालमत्ता मोडल्याबद्दल काकाचं काम काढून घेतलं होतं.

मी इंजिनिअरला जाऊन विचारलं, "आणि बाकीचा कठडा?"

"तो कुठे पडलाय?" तो म्हणाला.

माझ्या तोंडात आलेलं इथे लिहिता येत नाही.

काका आता सकाळचं कुठलंच काम घेत नाही. काकूला वेळेवर पाळणाघरात पोचवतो, संध्याकाळी आणायला जातो. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि दोघं मधोमध चालतात. परवा मी त्यांच्या मागेच होते. सहा फुटांची ती जागा आली, तसा काका तिला कडेला घेऊन गेला आणि तिचा हात नव्या लोखंडावर ठेवला.

"धर. इथे सरकार आहे."

काकू हसली. दोन-तीन पावलं तिने अगदी पूर्वीसारखी तरातरा टाकली. मग काकाने तिचा हात उचलून परत आपल्या खांद्यावर घेतला.

"संपलं," तो म्हणाला. "आता मला धर."