राहती बाजी हरली

श्रीनगरच्या त्या गल्लीत राहती आणि तिचा धाकटा भाऊ अहद यांची पहिल्या बर्फाची बाजी साठ वर्षं चालली होती, आणि साठ वर्षं अहदच हरत आला होता. पहिला बर्फ पडला की तो कशात तरी लपवून समोरच्याच्या हातात द्यायचा. त्याने घेतला की तो हरला, रात्रभर शिजवलेल्या मटणाच्या हरिसाची मेजवानी त्याच्याकडे. राहतीने रोटीत बर्फ भरून दिला, औषधाच्या पुडीत दिला. हा भाबडा दरवेळी हात पुढे करायचा. तिला मात्र कोण फसवणार? जन्मभर पश्मिना कातलेली बोटं ती, केसाएवढ्या धाग्यातली गाठही त्यांना कळे.

यंदा पानगळीत ती अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळली. पहिला बर्फ पडला, पण थंडीसाठी खिडकीवर ठोकलेल्या प्लास्टिकमागून तिला दिसला तो नुसता पांढरा उजेड.

"नसीमा, मूठभर आण गं. हातात धरू दे."

"काही नको! खोकला गेलाय का अजून? निखाऱ्यांची कांगडी घ्या पोटाशी," सून म्हणाली. सून मायेचीच होती, पण तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. एवढ्याशा गोष्टीसाठी राहतीला रडू आलं.

तेवढ्यात अहद आला. अंगातलं लांब लोकरी फेरन झटकलं, तोंड नको इतकं गंभीर.

"बेनी, वांग्याची भाजी पाठवलीय बायकोनं. गरम आहे तोवर घे."

राहतीने एक बोट डब्याला लावलं. एरवी तिने त्याची सालटीच काढली असती. आज तिने दोन्ही हात पुढे केले आणि डबा घेतला.

"हरली! राहती हरली!" अडुसष्ट वर्षांचा अहद खोलीभर नाचला. नसीमाही हसू लागली.

राहतीने झाकण उघडलं, बोटं बर्फात खुपसली, मूठ गालाला लावली, थोडा जिभेवर ठेवला. डोळे मिटून ती लहान मुलीसारखी हसत होती. अहदचं नाचणं थांबलं.

"बेनी, डबा गारठलेला होता. तुला कळलं नाही?"

"कळलं की."

 अहद खिडकीशी गेला आणि तिच्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडू लागला.

"मामूजान, अहो थंडी!" नसीमा ओरडली.

"दोन कांगड्या आण. प्लास्टिक मी पुन्हा ठोकून देतो."

अक्रोडाच्या फांद्या बर्फाने वाकल्या होत्या, पत्र्यांची छपरं, कुंपण, चुलीची लाकडं, सगळं एकसारखं पांढरं आणि मऊ झालं होतं. राहती बघतच राहिली.

"मग, हरिसा कधी घालतेस?" अहदने विचारलं.

"घालते रे. आधी बाजूला सर, दिसत नाहीये."