विमलमावशींचा मुका कुकर

विमलमावशींच्या ओट्यावर पांढरा राजमा भिजत घातलेला दिसला, की आमच्या इमारतीतली माणसं आपापल्या म्हाताऱ्यांना फोन करत. कुणी कुणाला तसं सांगितलेलं नव्हतं. दूध द्यायला किंवा चावी मागायला गेलेलं माणूस स्टीलच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, पाण्याखाली पडलेले ते दाणे बघून यायचं, आणि जिन्यात उभं राहून मोबाइल कानाला लावायचं. "काही नाही, सहज केला," एवढंच बोलणं ऐकू यायचं.

विमलमावशी गावंडे मूळच्या अकोल्याच्या. नवरा गेल्यावर त्यांनी अमरावतीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मुलगी शीतल हैदराबादला नोकरीला. मी समोरच्या दारात आईबरोबर राहते आणि इथल्याच एका वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. मावशी मला नावानं हाक मारत नसत. 'पेपरवाली' म्हणत.

शीतल कंपनीच्या कामासाठी काही महिने परदेशी होती. येताना तिनं स्लो कुकर आणला. विजेवर चालणारं, जाड मातीच्या भांड्याचं यंत्र. सकाळी लावायचं, संध्याकाळी उघडायचं. तिकडच्या पद्धतीचे बेक्ड बीन्सही तिनं आईला शिकवले. पांढरा राजमा रात्रभर भिजवायचा, आधी साध्या पातेल्यात खळखळ उकळायचा, मग टोमॅटो, कांदा, मोहरीची पूड आणि साखर घालून दिवसभर मंद शिजत ठेवायचा. मावशींनी साखरेऐवजी गूळ घातला, चार लवंगा आणि थोडी चिंच टाकली. राजमा त्या अकोल्याच्या बाजारातूनच मागवत. "अमरावतीचा दाना फुटते," असं त्यांचं मत होतं. उकळण्याच्या बाबतीत त्या कडक होत्या, कच्च्या दाण्यात विष असतं म्हणून. "कच्चा टाकला तं इख होते त्याचं. मंद आच इख मारत नाही, सांभाळून ठेवते."

या कुकरला शिट्टी नव्हती. इमारतीत त्याला मुका कुकर म्हणत. मावशींना ते नाव आवडलं होतं. "बोंबलत नाही बिचारा. आपलं काम करते."

आमच्याकडे ज्या घरात मयत होते त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. स्मशानातून परतलेल्या माणसांना पहिलं जेवण शेजारच्या घरून येतं. त्याला कडू घास म्हणतात. बहुतेक ठिकाणी पिठलं-भाकरी किंवा वरण-भात असतो. आमच्या इमारतीत ते काम विमलमावशींनी स्वतःकडे घेतलं, आणि पिठल्याच्या जागी मुक्या कुकरातला राजमा आला. पहिल्यांदा कुणीतरी नाक मुरडलं होतं. मयताच्या घरी गुळाचं? मावशींनी वाढता वाढताच उत्तर दिलं.

"कडू त्याइच्या तोंडात हायेच. मी अजून काऊन टाकू?"

माझ्या लक्षात ती गोष्ट आली इंगोले सरांच्या वेळी. सर तळमजल्यावर राहत. निवृत्त शिक्षक, तब्येत चांगली. एका दुपारी ते फाटकाजवळ स्कूटर सुरू करताना कोसळले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले. अंत्यविधी त्याच संध्याकाळी झाला. माणसं परतली तेव्हा मावशी फडक्यात गुंडाळलेलं भांडं घेऊन इंगोल्यांच्या दारात उभ्या होत्या. राजमा मऊ शिजलेला होता, गुळाचा रंग आतपर्यंत गेलेला होता. मीही दोन घास खाल्ले. दुसऱ्या घासाला मी थांबले. हा पदार्थ शिजायला दिवस लागतो, आणि त्याआधी दाणे रात्रभर पाण्यात असावे लागतात. सर गेले त्याला चार-पाच तासच झाले होते.

बातमी लिहिताना मी जसं विचारते तसंच दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं. राजमा कधी भिजवला?

"आदल्या सांजी."

"का?"

"वाटलं."

"काय वाटलं?"

मावशी हसल्या. "पेपरवाले, तुमी उद्याची बातमी आज छापता का?"

"नाही."

"मंग मले कायले इचारतं?" मग म्हणाल्या, "मरन सांगून येत नाही बाप्पा. भूक सांगून येते. कोनाच्या घरी मानसं भुकेली बसनार, एवढंच मले समजते. कोन जानार हाये थे मले कोनी सांगत नाही, अन मी इचारतही नाही."

मी माझ्या परीनं पडताळून पाहिलं. मावशी एरवीही हा राजमा करत असतील, लोकांना फक्त मयताच्या वेळचा लक्षात राहत असेल, असा माझा अंदाज होता. तो खरा निघाला नाही. एरवी त्या तुरीचं वरण, भाकरी आणि ठेचा एवढ्यावर राहत. मुका कुकर फडताळात वरच्या फळीवर असे. आणखी दोनदा तो खाली आला. एकदा मागच्या गल्लीतल्या म्हातारीसाठी. ती आजारीच होती, तेव्हा त्यात नवल नव्हतं. दुसऱ्यांदा तिसऱ्या मजल्यावरच्या राऊतांच्या मुलीसाठी. ती बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि आदल्या दिवशी गच्चीवर हसत पापड वाळवत होती. त्यानंतर राऊतबाई मावशींशी बोलेनाशा झाल्या. मावशींनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

"रागावू दे. त्या दिवशी जेवली ना थे? बस."

गेल्या थंडीत आईला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणलं, ताप उतरला, पण जेवण सुटलं होतं. पेज दिली तरी तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, औषधानं जेवढं करायचं तेवढं झालं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. मावशी रोज सकाळ-संध्याकाळ येऊन तिच्या पायाशी बसत. दोघी एकाच वयाच्या, एकमेकींना एकेरी बोलत.

अशाच एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे थर्मामीटर परत द्यायला गेले. ओट्यावर गंज होता. पाण्यात पांढरा राजमा.

मी कोणासाठी असं विचारलं नाही. "मावशी, हे फेकून द्या," म्हणाले.

त्या कांदा निवडत होत्या. "भिजला आता. भिजलेला दाना परत सुकते का?"

"मी नवा आणून देते. पण उद्या लावू नका."

"लावलं नाही म्हनून कोनी थांबत नाही, पोरी." पहिल्यांदाच त्यांनी मला पेपरवाली म्हटलं नाही. "मानसं उपाशी राहतात, एवढंच होते."

मी घरी येऊन भावाला पुण्याला फोन केला आणि निघायला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टर काही बोलले का? मी नाही म्हणाले. मग का येऊ, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मी फक्त ये म्हणाले. त्याला दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मावशी, हातात मुका कुकर. भांडं गरम होतं, झाकणाच्या कडेनं वाफ येत होती.

"आमचा पॉइंट बिघडला. तुमच्या इथं लावतो."

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, फ्रिजशेजारच्या सॉकेटमध्ये पिन घातली आणि बटण फिरवलं. लाल दिवा लागला. मला त्यांना अडवता आलं नाही. आजवर हे भांडं त्यांच्या घरातून दुसऱ्यांच्या घरी जात आलं होतं. या वेळी ते शिजण्याच्या आधीच आमच्या घरात येऊन बसलं होतं.

आतून आईनं वास ओळखला. "काव विमल, माह्यासाठी मांडलं का हे?"

मावशी पलंगाजवळ गेल्या. "तू तं जेवत नाही. तुह्यासाठी कोन मांडीन?"

"खरं सांग."

"खरंच सांगून राह्यली. उठ, दोन घास खा, मंग इचार." त्यांनी आईच्या पायांवरची चादर नीट केली, तळपायांना हात लावून पाहिला. "गरम हायेत तुहे पाय. नखरे कर आता."

आई हसली. खोकला आला, तरी हसत राहिली.

जाताना मावशी मला दारात म्हणाल्या, "संध्याकाळी शिजलं तरी बंद नोको करजो. बारीक गरम राहू दे. मी आली नाही तरी राहू दे."

मी ऑफिसला गेले नाही. आईच्या खोलीत खुर्ची टाकून बसले आणि तिचा श्वास बघत राहिले. घरभर गूळ आणि लवंगेचा वास भरत गेला. कुकरचा आवाज येत नव्हता. मधूनच झाकण किंचित हलायचं आणि मी उठून आईच्या नाकाजवळ हात धरायची. दुपारी तिनं डोळे उघडून विचारलं, "मी गेली का नाही थे पाहून राह्यली का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मंग चहा कर." चहा तिनं पूर्ण प्यायला. अंधार पडायच्या आधी तिनं स्वतःहून भाकरीचा तुकडा मागितला.

ते सांगायला मी समोर गेले. दार लोटलेलं होतं. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय समोरच्या पाटावर. ओटा पुसलेला, भांडी घासून पालथी घातलेली. मी हाक मारली, मग हात लावला. तळपाय गार होते. डॉक्टर आले, त्यांनी दुपारची वेळ सांगितली. मी घरी येऊन शीतलला कळवलं. भावाला फोन केला, तो गाडीत बसला होता. मी त्याला खरं ते सांगितलं. आई बरी आहे.

शीतल पहाटे पोचली. सकाळी सगळं उरकून माणसं परतली आणि जिन्यात थांबली. मावशींच्या घरात चूल पेटणार नव्हती. बायका एकमेकींकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत मावशींशिवाय कुणावरही कडू घास शिजवायची वेळ आली नव्हती. सगळ्यांच्या डोक्यात तेच एक नाव होतं. इंगोले सरांच्या बायकोनं शेवटी विचारलं, "आता घास कोन आनीन?"

मग राऊतबाई माझ्याकडे वळल्या. मावशींशी त्या बोलत नव्हत्या, पण वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेला होता. "तुह्या घरी लावलेला हाये ना?"

मयताच्या घरात शिजलेलं त्या घरात चालत नाही. घास दुसऱ्याच्या चुलीवरचा लागतो.

मी घरात गेले. लाल दिवा तसाच चालू होता. झाकण काढलं तर राजमा मऊ, दाट, कडेला गुळाचा तांबूस पापुद्रा. एकही दाणा फुटलेला नव्हता. मी भांडं फडक्यात गुंडाळून समोर नेलं.

शीतल स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. फोनची बॅटरी संपली म्हणून तिनं ओट्यामागच्या सॉकेटमध्ये चार्जर लावला होता. मावशी कुकर लावत तो पॉइंट हाच. फोन चार्ज होत होता.

मी तिला वाढलं. तिनं पहिला घास घेतला. मग मला विचारलं, "हे कुणाच्या घरून आलं?"

"आमच्या," मी म्हणाले. माहिती म्हणून ते बरोबर होतं.

तिनं ताट पुढं केलं. "अजून आहे?" भांड्यात पुष्कळ होतं. उरलेलं मी आईसाठी नेलं. तिनं दोनदा मागून घेतलं.

हैदराबादला परतताना शीतल कुकर माझ्याकडे ठेवून गेली. तो आमच्या फडताळात वरच्या फळीवर आहे. आमच्याकडे येणारी माणसं बोलता बोलता ओट्याकडे बघून घेतात, हे माझ्या लक्षात आलंय.

आई आता फाटकापर्यंत चालत जाते. परवा अकोल्याहून मामा येणार होता. येताना काय आणायचं ते ती त्याला फोनवर सांगत होती. औषधं इथंच मिळतात म्हणाली, भाजी नको म्हणाली. मग आवाज खाली करून तिनं पांढरा राजमा सांगितला. न फुटणारा.

कशाला, ते मी विचारलं नाही.