घट्ट फूल, सैल फूल

आपल्या हातचं काम आपण झोपेतही ओळखू, असं माझे बाबा येईल त्याला सांगतात. गेल्या आठवड्यात मात्र ते दोन दिवस दोन पेट्यांसमोर बसून होते आणि त्यातली आईची कोणती, हे काही केल्या त्यांना कळत नव्हतं.

बाबा लाकडात लाकूड बसवून नक्षीच्या पेट्या करतात. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले आणि बारा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची बोलणी खाते आहे. त्यांची पद्धत अशी. गडद आणि फिक्या लाकडाचे दोन पातळ पत्रे एकावर एक चिकटवायचे आणि बारीक करवतीने दोन्हींतून एकदमच फूल कापायचं. करवत जरा तिरकी धरली की एका पत्र्यातलं फूल दुसऱ्याच्या भोकात बुचासारखं घट्ट बसतं. उरलेलं फूल उरलेल्या भोकाला केसभर लहान पडतं, तिथे सरस आणि लाकडाचा भुसा भरून वेळ मारून नेतात. म्हणजे एका कापणीत पेट्या दोन होतात, एक घट्ट आणि एक सैल. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. बाबांना कळतो, आणि ते तो कळल्याचं ऐकवल्याशिवाय राहत नाहीत.

लग्न ठरल्यावर त्यांनी अशीच एक जोडी केली होती. घट्ट फुलाची आईला दिली आणि सैल फुलाची आईच्या ताईला, म्हणजे माझ्या मावशीला. त्याला चाळीस वर्षं झाली. घरी कुणीही आलं की बाबा आईची पेटी कपाटातून काढतात, झाकणावर बोट टेकवतात आणि सांधा सापडतो का बघा म्हणतात. पाहुणे बिचारे चष्मा पुसून बघतात आणि नाही म्हणतात. आई तोवर आतल्या खोलीत निघून गेलेली असते. मला वाटायचं, तेच तेच ऐकून ती कंटाळली असेल.

आता मावशी मुलाकडे कायमची राहायला चालली होती, फार लांब. जाण्यापूर्वी पेटी नीट करून द्या, असं तिने सांगितलं, तेव्हा बाबांनी हौसेने आईचीही रिकामी करून दुकानात आणली. दोन्हींच्या बिजागऱ्या बदलल्या, आतलं मखमल नवं लावलं, तळ घासले, वरून नवं पॉलिश मारलं आणि दोन्ही शेजारी शेजारी वाळत ठेवल्या. तळाला पेन्सिलीची खूण करायची त्यांची सवय आहे. त्या दिवशी ती राहिली. सकाळी येऊन बघतात तर दोन सख्ख्या जुळ्या बहिणी. गडद लाकडाचा रंग वर्षानुवर्षं उडत गेलेला, फिकं पिवळं पडत गेलेलं, आता सगळंच चहाच्या रंगाचं. कोणतं फूल गडद होतं नि कोणतं फिकं, काही म्हणता काही दिसेना. खरवडून मूळ रंग काढावा, तर पत्रा इतका झिजलेला की फूलच उडून जायचं.

यात दोन दिवस गेले. मावशी दुसऱ्या दिवशी येणार होती आणि एकदा गेलेली पेटी परत यायची नव्हती. आईला विचारा, मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पॉलिशचे डबे आवरायला घेतले.

माझ्याही डोक्याचा भुगा झाला होता. शेवटी मलाच सुचलं की रंग गेला तरी सांधा कुठे जाणार? नखाने बघा. बाबांनी डोळे मिटले आणि दोन्ही झाकणांवर नख फिरवलं. एका पेटीत तिसऱ्या पाकळीशी नख अडकलं. दुसरीवरून घसरत गेलं. बाबांचा जीव भांड्यात पडला. न अडकणारी ती आईची, यात शंकाच नव्हती.

संध्याकाळी त्यांनी ती मोठ्या थाटात आईपुढे ठेवली. आईने झाकणावर अंगठा फिरवला, पेटी बाजूला सारली आणि दुसरी कुठाय, असं विचारलं.

‘‘अगं, हीच तुझी,’’ बाबा म्हणाले. ‘‘घट्ट फुलाची. दुसरी सैल आहे, ती ताईची.’’

‘‘ही ताईची. माझ्या पेटीत पाकळीला नख अडकतं.’’

बाबा गोंधळून एकदा पेटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मीच अदलाबदल केली होती. आपण घट्ट पेटी आईलाच दिली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. मग आपणच चुकून उलटी दिली की काय, असं ते पुटपुटायला लागले, तेव्हा मला त्यांची दया आली.

आईने त्यांना फार वेळ तसं ठेवलं नाही. त्या वर्षी ताई सहा महिने अंथरुणाला खिळून होती, असं तिने सांगितलं. दोन्ही पेट्या ताईच्या उशाशी होत्या आणि ती आईचीच सारखी हातात घेऊन बसायची. आईने लग्नाआधीच बदलून टाकली. मुळात ताईची गडद फुलाची होती, आईची फिक्या, म्हणजे नुसत्या रंगावरूनही अदलाबदल कळली असती. नवऱ्याच्या घरी आल्या आल्या चोरी पकडली जाणार, असंच आईला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

‘‘तुम्ही पेटी उचललीत,’’ ती म्हणाली, ‘‘उलटी-सुलटी करून बघितलीत, आणि म्हणालात, बघ, सांधा सापडतोय का. मग मी काय बोलणार?’’

बाबा खुर्चीत बसले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते आवरलं. मग ते म्हणाले, ‘‘मग इतकी वर्षं मी कौतुक कशाचं करत होतो?’’

‘‘स्वतःचं,’’ आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बाबांना तेच जास्त लागलं.