चऱ्होलीच्या माळाचे माळकरी

दर सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये माळकरी खिडकीशी बसून पायमोज्यांत रुतलेली कुसळं वेचायचे. वेचलेलं प्रत्येक कुसळ रुमालात. बाहेर का टाकत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हितं डांबरावर काय उगवंल? माळाचं बी हाय, माळावर नेऊन टाकतो."

गळ्यात तुळशीची माळ नव्हती आणि मटणाची हाडं तर ते चोखून खात. तरी चाकणच्या आमच्या कारखान्यात, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये सगळे त्यांना माळकरीच म्हणायचे, ते चऱ्होलीच्या माळामुळे. ते मूळचे तिथलेच. गावाच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या. मागे तेवढा एक गवताचा तुकडा उरला होता. रविवारी ते पोतं घेऊन तिथे जायचे, पार्ट्यांच्या बाटल्या, काचा गोळा करायचे. गवत पेटवणाऱ्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन समजूत काढायचे. कुणी त्या जागेला पडीक म्हटलं की मात्र चिडत. "पडीक कशानं? शंभर जणांचं ऱ्हातं घर हाय ते!"

मी मोशीला राहायचो, त्यामुळे मलाही ते ओढून न्यायचे. उघड्या खडीत टिटवीनं घातलेली चार अंडी त्यांनीच मला दाखवली. दाखवूनही दिसेनात, सगळे खडेच वाटत होते. माळकऱ्यांनी भोवती बाभळीच्या काट्या लावल्या, चुना फासलेले दगड मांडले. पाय पडू नये म्हणून. दर उन्हाळ्यात ते हेच करत.

त्याच उन्हाळ्यात माळावर पोकलेन आलं. जागा विकली गेली होती. माळकऱ्यांनी भांडण केलं नाही. ड्रायव्हरला दगडांपाशी नेलं आणि म्हणाले, "राव, आठ दिस एवढी चटईभर जागा सोडा. पिलं निघाली की ती चालत जात्यात." त्या भल्या माणसानं सोडली. चहूकडची माती निघाली, मधे तेवढा हिरवट-पिवळा चौकोन राहिला.

सहाव्या दिवशी कळलं की उद्यापासून दुसरा ड्रायव्हर येणार. माळकऱ्यांची फर्स्ट शिफ्ट, कंपनीत ऑडिट, सुट्टी मिळेना. माझी सेकंड होती. "भाऊ, सकाळी आठला नुसतं जाऊन हुबं ऱ्हावा. दगडं दाखवा त्याला. दुसरं काय न्हाई."

मी हो म्हणालो. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, गाडी धुतली. पोकलेन आल्या आल्या थोडंच काम सुरू करतं, असं स्वतःला सांगत मी साडेनऊला पोहोचलो. जमीन सपाट झाली होती. दोन्ही टिटव्या मशीनच्या डोक्यावरून ओरडत फिरत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. मी म्हणालो, "आठला गेलो होतो. त्यानं ऐकलंच नाही." मग ते म्हणाले, "बरं."

त्या दिवसानंतर माळकरी माळावर गेले नाहीत. माझ्याशी बोलणं पूर्वीसारखंच होतं. डब्यातली भाकरी पूर्वीसारखीच पुढे करत.

दोन वर्षांनी ते रिटायर झाले. नारळ, शाल, भाषणं झाली. गेटबाहेर आम्ही दोघंच बसची वाट बघत होतो, तेव्हा मी सांगून टाकलं. चहा, पेपर, गाडी, साडेनऊ, सगळं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "त्या दिशी शिफ्ट सुटल्यावर गेलो व्हतो मी. नवा ड्रायव्हर म्हणला, सकाळी कुणी आलंच न्हाई. दगडं बाजूला सारून त्यानं काम केलं. त्याला काय म्हाईत बिचाऱ्याला."

"मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी शालीची घडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"आपल्याकडनं ऱ्हाऊन गेलं, भाऊ."

तुमच्याकडनं म्हणाले नाहीत. आपल्याकडनं म्हणाले. बस आली आणि ते चढले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. मी चऱ्होलीला दारावर गेलो, पण आत जायचं धाडस झालं नाही.