पिक्चर मीच पास केला होता

चहा घ्या आधी, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझा गाढवपणा पुरता ऐकल्यावर हसू येईलच असं नाही.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सोळा वर्षं लोकांच्या मालात खोट काढतोय. स्वभावही तसाच झालाय. बायको म्हणते, पोळीसुद्धा तुम्ही उलटून बघता. बघतो! करपलेली असते म्हणून बघतो.

तर इथं चाकणला आमच्या सोसायटीत उन्हाळ्याच्या सुट्टीत दर शनिवारी संध्याकाळी पोरांना हॉलमध्ये पिक्चर दाखवतात. या वेळी कार्टून ठरलं, एका छोट्या खारीचं. ग्रुपवर एका आईनं विचारलं, "यात कुणीतरी मरतं म्हणे. मुलांना चालेल का?" झालं! मेसेजवर मेसेज. शेवटी सेक्रेटरी गोरेभाऊ घरी आले. ते इथले मूळचे.

"भाऊ, तुमी क्वालिटीवाले. तुमी बघा आन् पास करा. तुमी व्हय म्हणलं की आमी डोळं झाकून पोरं बसवतो."

आता मला नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. पण मान मिळाला ना! शिवाय माझ्या पोटात भीती वेगळीच होती. माझे वडील, आबा, जानेवारीत गेले. आमच्याच घरी असायचे. माझी आठ वर्षांची ओवी त्यांच्याच कुशीत झोपायची. तेरा दिवस तिला मामाकडे ठेवलं आणि सांगितलं, आबा हवापालटाला देहूला गेलेत. मग दर रविवारी तिचं सुरू, "पप्पा, चला की, भेटून येऊ." चाकणहून देहू असं कितीसं लांब? मी रविवारी ओव्हरटाइम मागून घ्यायला लागलो. महिन्याभरानं तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरली.

तेव्हा पिक्चरमध्ये मरण असेल तर ते सगळ्यात आधी मलाच नको होतं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून मोबाइलवर बघितला. कसा बघितला? कंपनीत बघतो तसा! आमच्याकडे लॉटमधला पहिला नग, मधला नग आणि शेवटचा नग तपासतात. तिन्ही बरोबर, तर माल पास. पहिली दहा मिनिटं बघितली, खार आणि तिचे म्हातारे आजोबा फांदीवर नाचतायत. मधली दहा, नुसतं गाणं. शेवटची दहा, सगळे हसत अक्रोड खातायत. त्या सगळ्यांत आजोबा नाहीत, हे माझ्या लक्षात यायला नको? घास गिळला आणि ग्रुपवर टाकलं, "तपासला. ओके." खाली नाव, हुद्द्यासकट!

शनिवारी हॉल भरला. तीसेक पोरं खाली सतरंजीवर, मागं खुर्च्यांवर आम्ही आईबाप. तासाभरानं पडद्यावर आजोबा झाडाखाली निपचित पडले. छोटी खार त्यांना हलवून हलवून हाका मारतेय. मी ओवीकडे बघितलं. ती एकटक बघत होती. माझं डोकंच फिरलं. उठलो, आणि प्रोजेक्टरची वायर उपटली.

अंधार! आणि मग जो गलका उठला! "मेले का ते?" "उठतील ना?" तीस पोरं एका सुरात रडायला लागली. पुढं काय होतं ते कळणार कसं, मीच वायर हातात धरून उभा!

कुणीतरी दिवे लावले.

"अहो, हे पास केलंत तुम्ही?" एक आई कडाडली.

"भाऊ, तुमी बघितला व्हता का न्हाई?" गोरेभाऊ.

"बघितला ना! पहिला, मधला आणि शेवटचा..."

"म्हंजी म्हातारा मेला तेवढं सोडून!"

पोरांना उचलून लोक निघून गेले. सोळा वर्षांची अब्रू सतरंजीवर सांडून मी घरी आलो.

"ओवी, पिक्चर खोटा असतो हां बाळा," मी सुरुवात केली. "आता आपले आबा बघ, देहूला..."

"पप्पा, आबा वारले."

इतकंच. रडली नाही, काही नाही.

"तुम्ही टक्कल करून आलात ना, तेव्हाच कळलं मला. अनन्याचे आजोबा गेले तेव्हा तिच्या पप्पांनीपण केलं होतं."

मी तिला सांगितलं होतं, उकडतं म्हणून केलं. जानेवारीत!

"मग बोलली का नाहीस मला?"

"आईला विचारलं होतं, पप्पांना सांगू का मला माहितीये ते. आई म्हणाली, एवढ्यात नको, त्यांना झेपणार नाही."

मी बायकोकडे बघितलं. ती पोळी लाटत होती, तिनं मान वर केली नाही. आबा गेले तेव्हा मी कंपनीत कुणाच्या तरी नटबोल्टातली खोट शोधत होतो. घरी पोचेपर्यंत त्यांनी डोळे मिटले होते. त्यानंतर ओवीसमोर नको म्हणून मी एकदाही रडलो नाही, आणि पप्पांसमोर नको म्हणून ती आबांचं नाव काढत नव्हती. चार महिने! मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

ओवीनं माझा मोबाइल घेतला, पिक्चर लावला आणि माझ्या शेजारी येऊन टेकली.

"राहिलेला बघू या. मी अनन्याकडे बघितलाय आधी, दोनदा."

आजोबा झाडाखाली पडले, तिथं तिनं बोट ठेवून पिक्चर थांबवला. माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं.

"पप्पा, इथं थोडं रडू येतं. तुम्हाला चालेल का, की पुढं ढकलू?"